लक्ष्मीबाई टिळक : आघातापासून श्रद्धेपर्यंत

प्रस्तावना

लक्ष्मीबाई टिळक हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. शालेय पाठ्यपुस्तकात त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातील एखादा उतारा आपण वाचलेला असतो. विसरभोळे आणि दानशूर कवी टिळक, त्यांच्या संसाराची तारांबळ, आणि ती तारांबळ हसतहसत सांगणारी त्यांची पत्नी, एवढे चित्र आपल्या मनात राहिलेले असते. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. ज्या हास्यासाठी हा ग्रंथ नावाजला जातो, त्या हास्यामागे काही वर्षांची विलक्षण निराशा आहे, संताप आहे आणि जिवावर उदार होण्याची वेळ आणणारे दुःख आहे. ते दुःख ध्यानात न घेता ग्रंथ वाचला, तर त्यातील विनोद केवळ स्वभावाची देणगी वाटतो. प्रस्तुत घटकात लक्ष्मीबाईंचे जीवन या एका अंगाने पाहावयाचे आहे.

या चरित्राची भूमी नाशिकच आहे. इंदिरानगरसारख्या नव्या वस्तीत राहणाऱ्या अभ्यासकाला तर ती अगदी हाताशी आहे. तेथून मुंबई नाका ओलांडून शहरात आले आणि शरणपूर रस्त्याला लागले, की आपण नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीच्या वाटेवर असतो. ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसविली. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांनाही तेथे आसरा मिळाला होता. त्यांपैकी काही जण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात सामील झाले. हा विषय येथे ओघाने आला, तरी 'शरणपूर' या नावाचा अर्थ त्यावरून कळतो. दुसऱ्या दिशेला, आपल्या विद्यापीठाचे आवार ज्या गंगापूर परिसरात आहे त्याच बाजूला, गोदावरीच्या काठी जलालपूर हे गाव आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म तेथे १ जून १८६८ रोजी झाला आणि मृत्यू नाशिकमध्येच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाला. जलालपूर आणि नाशिक यांतील अंतर काही मैलांचेच आहे. लक्ष्मीबाईंना मात्र ते कापण्यासाठी पंढरपूर, अहमदनगर, सातारा आणि कराची असा वळसा घ्यावा लागला.

जलालपूरचे सोवळे

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरात त्यांना मनू म्हणत. आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली होती. या घटनेचा धक्का मनूच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, असा घेतला की त्यांना सोवळ्याचे वेड लागले. शिवाशिवीचा विचार त्या काळी सर्वच ब्राह्मण घरांत होता. परंतु नानांचे सोवळे शेजाऱ्यांनाही चमत्कारिक वाटावे असे होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे, माणसाचा स्पर्श झाला की स्नान, आणि एवढे करूनही मनाची शंका फिटत नसे. घरातील बायकामुलांचा दिवस पाण्यात आणि धाकात जाई.

ही हकिकत लक्ष्मीबाईंनी गमतीने सांगितली आहे, आणि वाचकही ती गमतीने वाचतो. परंतु अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. एका शोकांतिकेने घायाळ झालेला माणूस आपले दुःख कोणत्या रूपात वागवतो, याचे पहिले उदाहरण मनूने आपल्या घरातच पाहिले होते. नानांनी आपले भय धर्माच्या आचारात कोंडले. त्या आचाराने त्यांना शांती दिली नाही. उलट सारे घर त्या भयाच्या फेऱ्यात सापडले. पुढे लक्ष्मीबाईंवर त्यांचा स्वतःचा आघात कोसळला, तेव्हा त्यांच्याही हाती प्रथम हेच साधन आले. ते त्यांनी कसे आणि का टाकले, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग होय.

अकराव्या वर्षी मनूचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला होता. वडील कठोर, आई मायाळू आणि कविता रचणारी. आई गेल्यावर बालवयातच घर सोडून ते भटकत नाशिकला आले आणि संस्कृत शिकले. तीव्र बुद्धी, उत्तम वक्तृत्व, उतावळा आणि तापट स्वभाव, पैशाविषयी पूर्ण बेफिकिरी, आणि कोठेही स्थिर न होणारे मन, असे हे व्यक्तिमत्त्व होते. ते न सांगता निघून जात आणि न सांगता परत येत. घरखर्चाचा पैसा वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी येणे त्यांना गैर वाटत नसे. लक्ष्मीबाई कधी माहेरी, कधी सासरी, कधी नातलगांकडे दिवस काढीत. त्यांना अक्षरओळख टिळकांमुळेच झाली. मात्र जोडाक्षरे त्यांना आयुष्यभर छळत राहिली. लहानगी अपत्ये दगावली. १८९१ मध्ये झालेला दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक, हा एक आधार उरला.

१० फेब्रुवारी १८९५

नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक काही काळ ग्रंथकार्य करीत होते. 'ऋषि' नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला नवा धर्म हवा, या विचाराने ते अस्वस्थ होते. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते अर्थातच हास्यास्पद वाटले. परंतु त्यांनी पुस्तक वाचले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते गुंतून राहिले. पुढे पत्रव्यवहार झाला, मनात झगडा झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्यांनी हे आधी सांगितले नव्हते.

ही शेवटची गोष्ट टिळकांच्या चरित्रकारांनी बहुधा घाईने ओलांडली आहे. टिळकांची तळमळ खरी होती, त्यांनी या निर्णयापायी मान, मैत्री आणि उपजीविका गमावली, यात शंका नाही. परंतु निर्णय एकाचा होता आणि त्याची किंमत दोघांनी मोजली. लक्ष्मीबाईंना तर ती न विचारता मोजावी लागली. श्रद्धेची सचोटी आणि पत्नीवर झालेला अन्याय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाचे मोठेपण असे, की त्यात या दोहोंपैकी एकही लपविलेली नाही.

लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांत होत्या. वय सव्वीस, पदरी चार वर्षांच्या आतील मूल. बातमी आली आणि घरात जणू मृत्यू झाल्यासारखा आकांत झाला. परंतु मृत्यूला निदान विधी असतो. सुतक असते, ते संपण्याचा दिवस ठरलेला असतो, आणि विधवेला कितीही दारुण असली तरी समाजात एक जागा नेमून दिलेली असते. लक्ष्मीबाईंना तेही नव्हते. पती जिवंत होता, म्हणून त्या सौभाग्यवती. पती धर्माबाहेर गेला होता, म्हणून त्याच्याकडे जाणे म्हणजे जातीबाहेर जाणे. कुंकू लावावे तर लोक बोलणार आणि पुसावे तर स्वतःच्या हाताने नवऱ्याचे मरण चिंतल्यासारखे होणार. अशा अधांतरी दुःखाला रूढीत नाव नव्हते, आणि नाव नसलेल्या दुःखाचे सांत्वन करणे भोवतालच्या माणसांना जमत नाही. काही जण कीव करीत, काही टोमणे मारीत, काही तिच्या नशिबाला बोल लावीत. त्या जिवाचे काही बरेवाईट करून घेतील, या भीतीने घरच्यांना त्यांच्यावर नजर ठेवावी लागे.

कडवटपणाची वर्षे

यानंतरची चार वर्षांहून अधिक काळाची ताटातूट लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आधाराने काढली. त्यातील बराच काळ त्या बहिणीकडे पंढरपुरास होत्या. टिळक तुकारामाच्या अभंगांवर जीव टाकणारे. पुढे मराठी संतांच्या मार्गानेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. आणि ते नगरला मिशनच्या वस्तीत असताना त्यांची पत्नी त्या संतांच्या विठोबाच्या दारी अश्रू ढाळीत होती. लेखकाने योजून लिहिले असते तर हे कृत्रिम वाटले असते.

या काळातील त्यांच्या मनःस्थितीत तीन धागे दिसतात, आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. संताप होता, तो टिळकांवर तर होताच, पण ज्यांनी त्यांना नेले त्या धर्मावरही होता. लाज होती, जणू दोष आपलाच. आणि या दोन्हींच्या तळाशी प्रेम होते, त्यामुळे संताप निवत नव्हता. तिऱ्हाइताने केलेला अपराध विसरता येतो; ज्याच्या पत्राची वाट पाहावी त्यानेच घर मोडले असेल तर माणूस काय करील? टिळक पत्रे पाठवीत. लक्ष्मीबाई रागावत, रडत, आणि पुढच्या पत्राची वाट पाहत.

याच अवस्थेत त्यांच्या तोंडून कविता आली. टिळकांच्या घरात कवितेची कमतरता नव्हती, परंतु तोवर ती नवऱ्याची मिरास होती. दुःख सांगण्यासाठी जवळ कोणी नाही, लिहिण्याची सवय नाही, जोडाक्षर धड येत नाही, अशा स्थितीत या स्त्रीने पद्यात आपले मन मोकळे केले. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने लक्ष्मीबाईंच्या लेखनाचा उगम येथे आहे. निराशेचा पहिला उतार त्यांना देवळात किंवा उपदेशात मिळाला नाही. तो स्वतःच्या शब्दांत मिळाला. दूरशिक्षणाने शिकणाऱ्या, संसाराच्या धबडग्यात रात्री दिवा लावून उत्तरे लिहिणाऱ्या आपल्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

टिळकांच्या बाजूचीही एक वस्तुस्थिती येथे नोंदविली पाहिजे. १८६६ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती झालेल्या हिंदू माणसाचा जोडीदार सतत सहा महिने एकत्र राहण्यास नकार देईल, तर न्यायालयाच्या मार्फत विवाह मोडून घेण्याची सोय होती. टिळकांनी हा मार्ग घेतला नाही. दुसरे लग्न न करता ते वाट पाहत राहिले. ज्याने एका क्षणात सर्व मोडले, त्यानेच नंतर वर्षानुवर्षे धीर धरला. आणि त्या धीराने लक्ष्मीबाईंच्या मनातील कडवटपणा हळूहळू सैल झाला असावा, असे मानण्यास जागा आहे. त्यांच्या मनात ख्रिस्ताची ओढ त्या वेळी मुळीच नव्हती. ओढ होती ती नवऱ्याची, आणि मुलाला बाप मिळावा ही.

नगर : दोन चुली

अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'स्मृतिचित्रे'चा जोसेफीन इंकस्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये 'आय फॉलो आफ्टर' या नावाने प्रसिद्ध झाला. मी मागून चालते, असा त्या नावाचा आशय आहे. पतीच्या पावलावर पाऊल टाकून जाणारी पतिव्रता, ही प्रतिमा त्यामुळे दृढ झाली. प्रत्यक्षात लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या पतीकडे आल्या. पतीच्या धर्माकडे आल्या नाहीत. त्यांनी आपले सोवळे सोबत आणले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, स्पर्शाचे नियम कडक. ज्या वस्तीत सर्व जातींतून आलेली माणसे एकत्र जेवत होती, तेथे ही एक बाई आपला हंडा सांभाळीत होती. जलालपूरच्या नानांचे घर त्यांनी नगरच्या मिशनमध्ये पुन्हा उभे केले, असे म्हटले तरी चालेल. आणि नानांप्रमाणेच, हे सोवळे धर्माहून अधिक भयाचे होते. सर्व काही गेल्यानंतर आपले म्हणून उरलेले एवढेच होते.

टिळकांनी या बाबतीत त्यांच्यावर सक्ती केली नाही. तापट माणसाकडून ही अपेक्षा कोणी केली नसती. त्यांनी दोन चुली चालू दिल्या. आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने ही घटना दीक्षाविधीइतकीच महत्त्वाची आहे. ज्या घरात धर्म बदलण्याचा आग्रह नाही, तेथेच धर्माविषयी निर्भयपणे विचार करता येतो. लक्ष्मीबाई विचार करू लागल्या.

त्यांचा विचार धर्मशास्त्राच्या वाटेने गेला नाही. त्रैक्य, पापविमोचन, अवतार असे प्रश्न त्यांना अडवत नव्हते. त्यांना अडवत होता पाण्याचा तांब्या. देवाने माणूस निर्माण केला, स्त्री आणि पुरुष निर्माण केले, हे डोळ्यांना दिसते. मग जात कोणी निर्माण केली? एका जातीच्या माणसाच्या शरीरावर तशी खूण का नाही? हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घातला आणि स्वतःच सोडविला. जात माणसाने केली आहे, असा निर्णय झाल्यावर त्यांनी विलंब केला नाही. परजातीच्या हातचे पाणी त्या प्यायल्या. एवढीच ती घटना. टिळकांच्या बाप्तिस्म्यामागे आगगाडीतील भाकीत आहे, स्वप्ने आहेत, पत्रव्यवहार आहे. लक्ष्मीबाईंच्या परिवर्तनात एक घोट पाणी आहे. परंतु ज्या मुलीचे बालपण शिवाशिवीच्या धाकात गेले, तिच्या दृष्टीने तो घोट समुद्र ओलांडण्यासारखा होता.

यानंतर १९०० मध्ये त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. घटनांचा हा क्रम नीट लक्षात ठेवावा. प्रथम दुःखाला शब्द सापडला, मग पतीविषयीचा राग ओसरला, मग त्या परतल्या, मग भय सुटले, आणि त्यानंतर श्रद्धा आली. आघात झाला आणि श्रद्धेने तो तत्काळ बरा केला, अशी सरळ गोष्ट या चरित्रातून काढता येत नाही. श्रद्धेला त्यांच्या मनात जागा होण्यापूर्वी पुष्कळ काही घडावे लागले, आणि ते घडविण्यात नवरा, मूल, कविता आणि काळ यांचा वाटा होता. धार्मिक चरित्रे लिहिताना हा क्रम उलटा करण्याचा मोह अनेकांना होतो.

येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, पुढे भाऊ गेला, पती गेला. आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा प्रवास शास्त्र जाणणाऱ्या स्त्रीचा, ग्रंथांतून उत्तर शोधणारा आहे. लक्ष्मीबाईंवर दुसऱ्याच्या शोधाचे फळ येऊन आदळले होते, आणि त्यांनी आपले उत्तर स्वयंपाकघरात शोधले. दोघींना एका मापाने मोजू नये.

दुसऱ्यांच्या दुःखात

दीक्षेनंतरच्या दोन दशकांचा तपशील 'स्मृतिचित्रे'त विपुल आहे; येथे त्यातील एकच दिशा दाखवितो. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आणि त्याच सुमारास पुनःपुन्हा येणारी प्लेगची साथ या दोन संकटांनी नगर जिल्हा होरपळला होता. टिळकांच्या घरात अनाथ मुलांची भर पडू लागली. टिळक मुले आणीत, आणि त्यांच्या पोटाची काळजी लक्ष्मीबाई वाहत. पूर्वी याच औदार्यावरून घरात भांडणे होत. भांडणे पुढेही थांबली नाहीत. मात्र आता त्या तक्रार करीत पातेल्यात दोन मुठी अधिक टाकीत. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषाही त्यांनी केली. स्पर्शाला भिणाऱ्या घरातील मुलगी गाठी आलेल्या माणसांजवळ बसू लागली.

टिळक या काळात 'ज्ञानोदय' पत्रातून लिहीत होते आणि अभंग, भजने, कीर्तन यांच्या वळणाची ख्रिस्ती गीते रचीत होते. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीते गायिली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडले, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर नवऱ्याने दुसऱ्यांदा घरावर पाणी सोडले होते. ठरलेला पगार गेला. फरक एवढाच, की या वेळी त्यांना काय होत आहे ते ठाऊक होते आणि त्या सोबत होत्या.

दुसरा आघात

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. ख्रिस्ती होऊनही आपण देशाचे आणि मातीचे आहोत, हे त्यांनी मरणातही दाखविले. लक्ष्मीबाईंनी त्या वेळी पन्नाशी ओलांडली होती.

१८९५ आणि १९१९ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. दोन्ही वेळा टिळक गेले. पहिल्या वेळी ते जिवंत होते, पत्रे पाठवीत होते, एक दिवस परत भेटण्याची शक्यता होती. तरी लक्ष्मीबाई पूर्ण कोसळल्या. दुसऱ्या वेळी ते खरोखरच गेले, परत येण्याची आशा या जगात उरली नाही. आणि लक्ष्मीबाई रडल्या, खचल्या, पण कोसळल्या नाहीत. पहिल्या आघाताच्या वेळी त्यांच्याजवळ भय होते, दुसऱ्या वेळी विश्वास होता, हे एक कारण खरेच. पुनरुत्थानावरील श्रद्धेने त्यांना मृत्यूकडे शेवट म्हणून पाहू दिले नाही. परंतु आणखीही एक कारण आहे. १८९५ मध्ये त्यांच्याजवळ करण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्याच्या घरात बसून दिवस मोजणे एवढेच त्यांच्या वाट्याला आले होते. १९१९ मध्ये त्यांच्याभोवती सांभाळण्याची माणसे होती, आणि टिळकांनी मागे एक अपूर्ण काम ठेवले होते.

ते काम म्हणजे 'ख्रिस्तायन'. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत गाण्याचा संकल्प टिळकांनी केला होता. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले. मराठी वाचकाला 'ज्ञानेश्वरी' आणि 'हरिविजय' ज्या छंदात ऐकण्याची सवय, त्याच छंदात येशूची कथा यावी, ही त्यांची इच्छा. पतीच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी हे काव्य हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय रचले. जोडाक्षरांशी भांडणारी बाई पंडिताने सोडलेले महाकाव्य पुढे नेते, हा प्रसंग मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जितका ठळक असावयास हवा तितका नाही. समीक्षकांनी 'ख्रिस्तायन'ला फारशी दाद दिलेली नाही, आणि काव्य म्हणून ते 'स्मृतिचित्रे'च्या तोलाचे नाही हे मान्य करावे लागेल. तथापि शोकाच्या काळात एका विधवेने रोज थोड्या ओव्या रचीत काय साधले, हे अध्यायांच्या संख्येवरून कळते. ज्या धर्माने आपला नवरा पळविला म्हणून त्यांनी एकेकाळी शाप दिले, त्याच धर्माच्या संस्थापकाची कथा त्या नवऱ्यामागे गात होत्या.

चाळीस वर्षांनंतरची लेखणी

काही काळ मुलाजवळ कराचीस राहून लक्ष्मीबाई अखेरच्या पर्वात पुन्हा नाशिकला आल्या. देवदत्तांना वडिलांचे चरित्र सिद्ध करावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी सांगण्याचा आग्रह धरला. आठवणी टिळकांच्या म्हणून सुरू झाल्या आणि सांगणारीच त्यांच्या मध्यभागी आली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये आले होते. थोर पतीच्या सहवासाची कथा पत्नीने सांगावी, ही रीत तेथपासून रूढ होती. लक्ष्मीबाईंनी रीत तीच ठेवली. पण त्यांच्या पुस्तकातील पती पूज्य असूनही चुकतो, चिडतो, फसतो, आणि पत्नी त्याच्याशी भांडते. पतीचा उल्लेख त्या 'टिळक' असा करतात, आणि या एका शब्दात अंतरही आहे व आपुलकीही.

आपण ग्रंथ वाचाल तेव्हा १८९५ च्या सुमाराची प्रकरणे सावकाश वाचा. तेथे वाक्ये लहान आहेत. लेखिका स्वतःची बाजू मांडण्यासाठी वकिली करीत नाही, आणि टिळकांना दोषमुक्त करण्याचीही घाई करीत नाही. घडले ते सांगते. मध्येच एखादी हसू आणणारी गोष्ट येते, आणि हसत असतानाच वाचकाच्या ध्यानात येते की ही बाई त्या दिवशी मरण मागत होती. चाळीस वर्षांपूर्वीची जखम येथे झाकलेली नाही. ती दिसते, मात्र तिच्यातून आता विष पाझरत नाही. क्षमा केली, असे लेखिका कोठे ठासून सांगत नाही. टिळकांच्या धांदरटपणाची गोष्ट ती ज्या सुरात सांगते, तो सूरच पुरेसा आहे. कडवटपणा उरला असता तर तीच गोष्ट आरोपपत्र झाली असती.

ज्यांनी लक्ष्मीबाईंना केवळ विनोदी लेखिका मानले, त्यांनी हा सूर ऐकला, पण त्यासाठी त्यांनी काय मोजले ते पाहिले नाही. उलट काही धार्मिक वाचकांना ग्रंथात साक्ष हवी असते. बाप्तिस्म्याचे प्रकरण हवे असते, आणि पाण्याच्या तांब्याची गोष्ट त्यांना किरकोळ वाटते. दोन्ही वाचने आपण टाळावीत.

ग्रंथाचे पुढील भाग एकामागून एक निघत असताना लक्ष्मीबाईंची प्रकृती ढासळली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. आत्मचरित्राचा अखेरचा भाग त्यांच्या पश्चात बाहेर पडला. 'ख्रिस्तायन'ही त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पतीने आरंभिलेल्या आणि पत्नीने चौसष्ट अध्याय जोडलेल्या त्या काव्याचा शेवटचा अध्याय राहिला होता. तो देवदत्तांनी लिहिला. १९०० मध्ये आईसोबत ज्याचा बाप्तिस्मा झाला, तोच हा दत्तू.